मिखाएल बालाक : उपविजेत्याचे मोजमाप

मिखाएल बालाकने ऑक्टोबर 2012 मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हा जर्मनीसाठी 98 सामने आणि 42 गोल अशी त्याची नोंद होती. एखाद्या आघाडीवीराला शोभावा असा हा आकडा मधल्या फळीत खेळणाऱ्याने उभा केला होता. तरीही बालाकचे नाव निघाले की आधी आठवतात ती हुकलेली विजेतेपदे : 2002 च्या विश्वचषकाचे आणि 2008 च्या युरो स्पर्धेचे उपविजेतेपद, चॅम्पियन्स लीगचे हरलेले दोन अंतिम सामने, आणि 2010 मध्ये त्याच्याशिवाय बहरलेला जर्मन संघ. अशा खेळाडूला मोठे म्हणावे का, आणि म्हणायचे तर कोणत्या आधारावर, हा प्रश्न एका जर्मन खेळाडूपुरता उरत नाही. अकरा जणांच्या खेळात एकट्याचे श्रेय ठरवायचे कसे, या मुळाशी तो जातो. आपल्या शास्त्रचर्चेत समोरच्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडून मगच तिला उत्तर देण्याची शिस्त आहे. तीच येथे पाळली आहे. उत्तरपक्ष माझा आहे. पूर्वपक्ष मात्र सोयीसाठी कुठेही लुळा केलेला नाही.

पूर्वपक्ष : व्यावसायिक फुटबॉल जिंकण्यासाठी खेळला जातो, एवढे तरी तुम्ही मान्य कराल. मग जिंकण्याच्या क्षणी जो कमी पडला त्याला थोर म्हणताना आपण खेळाचा हेतूच विसरतो. बालाकची गोष्ट 20 मे 2000 पासून बघा. बुंडेसलिगाचा शेवटचा दिवस, आणि विजेतेपदासाठी बायर लेव्हरकुझेनला फक्त एक गुण हवा होता. समोर म्युनिकच्या उपनगरातला उंटरहाखिंगसारखा छोटा क्लब. सामन्याच्या विसाव्या मिनिटाला बालाकने चेंडू आपल्याच जाळ्यात घातला, लेव्हरकुझेन 0-2 हरले आणि बायर्न म्युनिक गोलफरकावर विजेते ठरले. दोन वर्षांनी तोच संघ बुंडेसलिगात तीन सामने उरले असताना पाच गुणांनी पुढे होता. विजेतेपद बोरुसिया डॉर्टमुंडकडे गेले, तेही एका गुणाने. जर्मन चषकाचा अंतिम सामना शाल्केने 4-2 असा जिंकला. 15 मे 2002 रोजी ग्लासगोत चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झिनेदिन झिदानच्या त्या प्रसिद्ध व्हॉलीने रेआल माद्रिदकडे नेला. जून संपताना योकोहामात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने जर्मनीला हरवले. दोन महिन्यांत चार वेळा दुसरे स्थान. एकदा घडले तर दुर्दैव म्हणू. वारंवार घडते तेव्हा संघाच्या मध्यावर उभा असलेला माणूस त्यातून सुटत नाही.

उत्तरपक्ष : जिंकण्यासाठी खेळतात, हे मान्य. पण मग जिंकलेले सगळेच मोजा. बालाकच्या नावावर चार बुंडेसलिगा आहेत, एक प्रीमियर लीग, तीन जर्मन चषक, तीन एफए चषक आणि एक इंग्लिश लीग चषक. ही बारा विजेतेपदे झाली. त्यातले 1998 चे कायझर्सलाउटर्नबरोबरचे पहिले विजेतेपद मी फारसे धरत नाही, कारण ओटो रेहागल यांच्या त्या संघात तो नवखा होता आणि बरेचदा राखीव खेळाडूंत बसे. नुकताच वरच्या श्रेणीत आलेला संघ त्याच मोसमात विजेता ठरला, हा जर्मन फुटबॉलमधला एकमेव चमत्कार त्याने जवळून पाहिला, इतकेच म्हणू. पण 2002 ते 2006 या चार मोसमांत बायर्नने तीनदा लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली, तेव्हा मधल्या फळीचा कणा तोच होता. चेल्सीने 2010 मध्ये असाच दुहेरी मान मिळवला, त्या संघातही तो नियमित खेळत होता. त्यामुळे ‘जिंकण्याच्या क्षणी कमी पडणारा’ हे वर्णन निवडक सामन्यांवर उभे आहे. उंटरहाखिंगचा स्वयंगोल त्याचाच, त्याला मी सबब शोधत नाही. पण ज्या संघाला बरोबरी पुरेशी होती त्याला उरलेल्या सत्तर मिनिटांत एकही गोल करता आला नाही, ही नोंद अकरा जणांच्या खाती जाते. शिवाय त्या आघातानंतर तेवीस वर्षांचा खेळाडू मोडून पडला असता तर तुमचा मुद्दा पक्का झाला असता. घडले उलटेच : 2001-02 च्या मोसमात त्याने मधल्या फळीतून लीगमध्ये 17 गोल केले. चॅम्पियन्स लीगमध्ये लिव्हरपूलविरुद्ध 4-2 च्या विजयात दोन गोल त्याचे होते आणि उपांत्य फेरीत ओल्ड ट्रॅफर्डवरच्या 2-2 बरोबरीतही एक त्याचाच होता. ज्याला तुम्ही पराभवांची मालिका म्हणता, त्या पराभवांपर्यंत लेव्हरकुझेनला पोचवणारा हाच खेळाडू आहे.

पूर्वपक्ष : बायर्नबरोबरची विजेतेपदे मला फार पटत नाहीत. जर्मनीत बायर्न जिंकतेच. बालाक येण्याआधी जिंकत होते, तो गेल्यावरही जिंकले. त्याची खरी कसोटी युरोपमध्ये होती. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या क्लबने त्याला 2002 मध्ये घेतले. त्या चार वर्षांत बायर्नची मजल एकदाही उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेली नाही. पहिल्याच मोसमात ते गटातच बाद झाले, पुढे रेआल माद्रिद, चेल्सी आणि एसी मिलान यांनी त्यांना घरी पाठवले. आणि विश्वचषकाचे म्हणाल, तर 25 जून 2002 चा सेऊलमधला उपांत्य सामना घ्या. स्पर्धेत आधीच एक पिवळे कार्ड मिळालेले असताना 71 व्या मिनिटाला त्याने पुन्हा फाऊल केला, दुसरे पिवळे कार्ड ओढवून घेतले आणि अंतिम सामन्याला मुकला. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या दिवशी संघाचा सर्वांत मोठा खेळाडू मैदानाबाहेर बसला, तोही स्वतःच्या कृतीमुळे. याला संयम कमी पडणे म्हणायचे नाही तर काय?

उत्तरपक्ष : बायर्नच्या युरोपातल्या अपयशाबद्दल तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. त्या चार वर्षांत बालाकने जर्मनीत जे केले ते युरोपच्या मोठ्या रात्री पुरेसे दिसले नाही, आणि त्याचा हिशेब मांडताना हे वजा करावेच लागते. पण सेऊलचा तो सामना तुम्ही 71 व्या मिनिटाला थांबवता, मी तो आणखी चार मिनिटे पाहतो. कोरियाचा खेळाडू ली चुन-सू प्रतिहल्ल्यात जर्मन गोलक्षेत्राच्या उंबरठ्यावर पोचला होता आणि बालाकने त्याला तिथे अडवले. अडवले नसते तर यजमान आघाडी घेण्याची शक्यता मोठी होती. अंतिम सामना गेला हे त्याला त्याच क्षणी ठाऊक होते. 75 व्या मिनिटाला त्याने गोल केला. त्याचा पहिला फटका कोरियाच्या गोलरक्षकाने परतवला, परतलेला चेंडू त्याने डाव्या पायाने जाळ्यात धाडला, आणि त्या एकमेव गोलावर जर्मनी अंतिम फेरीत गेली. ज्या सामन्यात आपण खेळणार नाही, तिथे आपल्या सहकाऱ्यांना पोचवणारा गोल त्याने केला. आता हाच प्रसंग दुसऱ्या संघात कसा वाचला जातो पाहा. एप्रिल 1999 मध्ये तुरिनला युव्हेंटसविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने गोल केला आणि त्याच सामन्यात पिवळे कार्ड मिळून तो चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला मुकला. पॉल स्कोल्सचेही तेच झाले. कीनच्या त्या खेळाला आज कर्णधाराच्या निःस्वार्थीपणाचा आदर्श मानतात. का? कारण महिनाभराने बार्सिलोनात त्याच्या सहकाऱ्यांनी जादा वेळेच्या तोंडावर दोन गोल करून अंतिम सामना जिंकला. बालाकचे सहकारी हरले. संपूर्ण स्पर्धा गाजवलेल्या ऑलिव्हर कानच्या हातून रिव्हाल्दोचा फटका निसटला आणि रोनाल्डोने संधी साधली. दोन खेळाडूंची कृती सारखी आणि किंमतही सारखीच. फरक पडला तो त्यांच्या गैरहजेरीत खेळल्या गेलेल्या सामन्यांच्या निकालाने. ज्या सामन्यात माणूस मैदानावरच नव्हता त्याच्या निकालावरून त्याचा संयम तोलणे न्यायाचे नाही. आणि नियमाचे म्हणाल, तर 2010 च्या विश्वचषकापासून उपांत्यपूर्व फेरीनंतर एकेकटी पिवळी कार्डे पुसली जाऊ लागली. त्या नियमाने बालाक योकोहामात खेळला असता.

याच स्पर्धेचा आधीचा भागही विसरू नका. सप्टेंबर 2001 मध्ये म्युनिकला इंग्लंडने जर्मनीला 5-1 असे लोळवले होते. पुढे फिनलंडशी बरोबरी झाली, थेट प्रवेश हुकला आणि नोव्हेंबरात युक्रेनविरुद्ध दोन सामन्यांची पात्रता फेरी खेळावी लागली. जर्मनी विश्वचषकाला मुकते की काय, अशी तेव्हा धास्ती होती. किव्हमध्ये 1-1 अशी बरोबरी झाली, गोल बालाकचा. डॉर्टमुंडला जर्मनी 4-1 असे जिंकली, त्यातले दोन बालाकचे. मुख्य स्पर्धेत बाद फेरीचे तीन सामने जर्मनीने 1-0 असेच जिंकले. त्यातला पॅराग्वेविरुद्धचा गोल ऑलिव्हर नॉयव्हिलचा, अमेरिका आणि कोरियाविरुद्धचे दोन्ही बालाकचे. पात्रतेपासून अंतिम फेरीपर्यंतचा हा रस्ता त्याच्यावाचून कसा पार पडला असता, याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यायला हवे. तो संघ जगात दुसरा आला हे तुम्ही त्याच्या नावावर उणे म्हणून मांडता. माझ्या मते तो संघ मुळात स्पर्धेत होता, हेच त्याच्या नावावर अधिक म्हणून मांडायला हवे.

पूर्वपक्ष : एका स्पर्धेपुरते तुमचे म्हणणे पटेल. पण 2004 मध्ये जर्मनीचे प्रशिक्षक युर्गन क्लिन्समान यांनी त्याला कर्णधार केले आणि त्यानंतरही तेच चित्र दिसते. 2006 मध्ये घरच्या विश्वचषकात डॉर्टमुंडमधल्या उपांत्य सामन्यात इटलीने जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल केले. 2008 हे तर 2002 चीच पुनरावृत्ती : चेल्सी इंग्लिश लीगमध्ये दुसरे, लीग चषकाच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून पराभूत, मॉस्कोत चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडकडे, आणि व्हिएन्नात युरो स्पर्धेचा अंतिम सामना फर्नांडो टोरेसच्या एका गोलाने स्पेनकडे. 2010 मध्ये तो लेव्हरकुझेनला परतला, तर तेही 2011 मध्ये दुसरे आले. कर्णधाराचे काम निर्णायक घटकेला संघाला एक पाऊल पुढे नेण्याचे असते. एवढ्या संधी मिळूनही ते पाऊल पडले नसेल, तर ती उणीव आपण त्याच्यातच शोधायला नको का? जर्मनीत काही जाणकारांनी तर असेही म्हटले, की पूर्व जर्मनीच्या सामूहिक शिस्तीत वाढलेल्या मुलात स्वतःच्या बळावर सामना ओढून आणणारा नेता तयारच होत नाही.

उत्तरपक्ष : शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण त्यात एक जुना पूर्वग्रह विश्लेषणाच्या वेशात उभा आहे. बालाक 1976 मध्ये ग्योर्लिट्झला जन्मला, आणि आज केम्नित्झ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये वाढला. बर्लिनची भिंत पडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पूर्वेकडच्या क्रीडाशाळेत त्याला दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने खेळायला शिकवले. तो ज्या क्लबमध्ये व्यावसायिक झाला तो केम्नित्झ 1996 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरला. एकीकरणानंतर पूर्वेकडच्या क्लबांचे पैसे आणि खेळाडू दोन्ही पश्चिमेकडे वाहून गेले, त्या काळातून वर येऊन हा मुलगा एकत्रित जर्मनीचा कर्णधार झाला. ज्याच्यात पुढाकार नाही त्याला हा प्रवास झेपत नाही. आणि निर्णायक घटकांचेच बोलायचे तर त्या एकेक करून पाहू. 2006 मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना पेनल्टी शूटआऊटमध्ये गेला, तिथे बालाकने आपली पेनल्टी जाळ्यात घातली. मॉस्कोच्या शूटआऊटमध्ये चेल्सीची पहिली पेनल्टी घ्यायला तोच पुढे झाला आणि गोल केला. चुकल्या त्या जॉन टेरी आणि निकोला अनेल्का यांच्या. 2008 च्या युरोत क्रोएशियाकडून हरल्यावर जर्मनी गटातच बाद होण्याच्या बेतात होती. ऑस्ट्रियाविरुद्धचा एकमेव गोल बालाकच्या सणसणीत फ्री किकवर झाला. पुढच्याच सामन्यात पोर्तुगालविरुद्ध 3-2 च्या विजयातला तिसरा गोल त्याच्या हेडरने झाला. निर्णायक घटकेला त्याचे पाय थरथरले, याचा पुरावा मला या यादीत दिसत नाही.

मग दुसरे स्थान वारंवार का आले? माझ्या मते याचे उत्तर त्याच्या जन्मसालात आहे. 2000 च्या युरोत जर्मनी तीन सामन्यांत एक गोल आणि एक गुण घेऊन परतली. त्या अपमानानंतर जर्मन फुटबॉल महासंघाने प्रशिक्षणाची सारी घडी बदलली. देशभर गुणवत्ता शोधणारी केंद्रे उघडली आणि व्यावसायिक क्लबांना युवा अकादमी चालवणे सक्तीचे केले. त्याचे फळ यायला दहा वर्षे लागली. मानुएल नॉयर 1986 चा, सामी खेदिरा 1987 चा, मेसुत ओझिल 1988 चा, थॉमस म्युलर 1989 चा, टोनी क्रोस 1990 चा. बालाक या पिढीपेक्षा दहा ते चौदा वर्षांनी मोठा. त्याच्या उमेदीच्या काळात जुन्या पिढीचे वैभव ओसरले होते आणि नवी पिढी अजून शाळेत होती. मधल्या त्या दशकात जर्मनी दोन मोठ्या स्पर्धांत दुसरी आणि एकीत तिसरी आली. गुणवत्तेचा असा दुष्काळ असताना एवढे पदरात पडले, त्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. आता त्याच्या शेजारी बास्टियान श्वाइनश्टायगरला उभे करा. 2011-12 च्या मोसमात श्वाइनश्टायगरचे बायर्न लीगमध्ये दुसरे आले, जर्मन चषकाचा अंतिम सामना डॉर्टमुंडकडून 2-5 असा हरले आणि चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना घरच्या मैदानावर चेल्सीकडून पेनल्टींवर हरले. त्यात त्याची स्वतःची पेनल्टी खांबाला लागली. हुबेहूब लेव्हरकुझेनचे 2002. त्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला असता तर ‘हरणारा’ हा शिक्का त्याच्यावरही बसला असता. तो खेळत राहिला, भोवती एक दुर्मीळ पिढी होती, 2013 मध्ये तीनही विजेतेपदे आली आणि 2014 मध्ये विश्वचषक आला. श्वाइनश्टायगरचा स्वभाव बारा महिन्यांत बदलला नव्हता. बालाकला ती दुसरी फेरी मिळाली नाही, कारण तो मावळत असतानाच ही पिढी उगवत होती.

पूर्वपक्ष : नव्या पिढीचे नाव तुम्हीच काढले, म्हणून माझा सर्वांत भक्कम मुद्दा आता मांडतो. 15 मे 2010 रोजी वेम्ब्लीवर एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पोर्ट्समथच्या केव्हिन-प्रिन्स बोआटेंगने केलेल्या टॅकलमुळे बालाकच्या घोट्याचे अस्थिबंध फाटले आणि तो विश्वचषकाला मुकला. जर्मनीत हळहळ झाली, सगळ्यांना वाटले संघ आता कोलमडणार. प्रत्यक्षात फिलिप लामच्या नेतृत्वाखाली श्वाइनश्टायगर आणि खेदिरा यांनी मधली फळी सांभाळली, ओझिलला मोकळीक मिळाली, इंग्लंडला 4-1 आणि अर्जेंटिनाला 4-0 असे हरवून जर्मनीने जगाला चकित केले. संघ अधिक वेगवान, अधिक मोकळा, अधिक देखणा दिसला. एकाच्या हुकमतीऐवजी सगळ्यांनी जबाबदारी वाटून घेतली. तेव्हा बालाक हा संघाचा आधार नसून नव्या खेळाच्या वाटेतला अडसर होता, असे म्हणायला काय हरकत आहे? त्याचे नेतृत्व जुन्या वळणाचे होते. 2008 च्या शरद ऋतूत त्याने प्रशिक्षक योआखिम ल्योव्ह यांच्यावर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली आणि नंतर माफी मागितली. 2011 मध्ये महासंघाने त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपल्याचे जाहीर करून ब्राझीलविरुद्धचा सामना निरोपासाठी देऊ केला, तोही त्याने नाकारला. स्वतःची वेळ संपली हे ज्याला कळले नाही, त्याला संघाचे हित कसे कळणार?

उत्तरपक्ष : हा मुद्दा खरोखरच भक्कम आहे, आणि त्याचा अर्धा भाग मी मान्य करतो. 2010 पर्यंत बालाक 33 वर्षांचा झाला होता, घोट्याच्या दुखापतींनी त्याचा वेग कमी केला होता, आणि ल्योव्ह यांना जो झटपट चेंडू पुढे नेणारा खेळ हवा होता त्याला श्वाइनश्टायगर-खेदिरा ही जोडी अधिक साजेशी होती. त्याची हुकमत तरुणांना जाचत असेल, हेही शक्य आहे. जाताना वाद घडायला नको होते. पण ‘अडसर’ म्हणण्यापूर्वी निकाल तपासा. 2006 च्या विश्वचषकात बालाक कर्णधार असताना जर्मनीने सात सामन्यांत 14 गोल केले आणि ती तिसरी आली. 2010 मध्ये त्याच्याशिवाय सात सामन्यांत 16 गोल केले आणि ती तिसरीच आली. 2008 मध्ये त्याच्यासह स्पेनकडून 0-1 हार, 2010 मध्ये त्याच्याशिवाय त्याच स्पेनकडून 0-1 हार. 2006 मध्ये उपांत्य फेरीत इटलीने अडवले, 2012 च्या युरोत उपांत्य फेरीत इटलीनेच अडवले. बालाक हाच अडथळा असता, तर तो दूर झाल्याबरोबर निकाल बदलले असते. खेळाचा रंग बदलला, ही गोष्ट खरी. निकाल बदलायला आणखी चार वर्षे लागली, आणि तोवर अकादम्यांतून आलेली मुले पिकली होती. विजेतेपद एका माणसाच्या असण्या-नसण्यावर अडलेले नव्हते, हेच यातून सिद्ध होते.

शिवाय 2010 च्या संघाने एकाएकी आकाशातून उडी घेतली नव्हती. लाम आणि श्वाइनश्टायगर यांनी 2004 पासूनच्या तीन मोठ्या स्पर्धा बालाकच्या शेजारी खेळल्या होत्या. 2006 आणि 2008 मध्ये ऐन विशीत उपांत्य आणि अंतिम सामन्यांचा अनुभव त्यांना मिळाला, कारण संघ तिथवर पोचत होता. त्या काळात हरण्याचे ओझे आणि पत्रकारांचे प्रश्न कर्णधार म्हणून बालाक झेलत होता. तरुणांना वाढायला सावली मिळाली. त्यांनी पुढे त्याची जागा घेतली हे स्वाभाविक आहे. ज्याची जागा घेता येईल अशी माणसे त्याच्याच संघात तयार झाली, याचे श्रेय काढून घेऊन उलट त्यालाच दोषी ठरवणे मला पटत नाही. आणि निरोपाच्या सामन्याबद्दल : ठरलेल्या मैत्रीपूर्ण सामन्यावर आयत्या वेळी त्याच्या नावाची पाटी लावण्याला त्याने नकार दिला. शंभर सामन्यांचा टप्पा दोन पावलांवर असताना त्याने तो घेतला नाही. हट्टी म्हणा, पण आकड्याच्या मोहापायी खेळत राहिलेला माणूस असे करत नाही.

पूर्वपक्ष : मग मोजमापाचे काय? चषक मोजायचे नाहीत असे एकदा ठरले की प्रत्येक हरलेल्या खेळाडूचा चाहता ‘त्याने संघाला इथवर आणले’ असे म्हणू लागेल. विजेतेपद ही निदान सगळ्यांना दिसणारी, वाद मिटवणारी खूण आहे. तिच्या जागी तुम्ही काय ठेवता?

उत्तरपक्ष : विजेतेपदे मोजूच नयेत असे मी म्हणत नाही. लाम आणि श्वाइनश्टायगर यांनी 2014 मध्ये जे केले ते बालाकला साधले नाही, आणि इतिहासात त्यांचे पारडे तेवढ्याने जड राहील; राहायलाच हवे. माझा आक्षेप विजेतेपदालाच एकमेव पुरावा मानण्याला आहे, कारण चषक संघाची मोजणी करतो. माणसाची मोजणी करायला तीन प्रश्न विचारावे लागतात, आणि ते कुठल्याही चाहत्याला मनमानी उत्तर देऊ देत नाहीत. पहिला : संघाने त्याच्याकडे जे काम सोपवले ते त्याने कितपत केले? मधल्या फळीतल्या खेळाडूने बचावात उतरायचे, चेंडू हिसकावायचा, हल्ल्याची दिशा ठरवायची आणि आघाडीच्या फळीमागून योग्य वेळी गोलक्षेत्रात घुसायचे. शेवटच्या कामात बालाकइतका सातत्याने घातक मधल्या फळीचा खेळाडू त्या काळात विरळा. 98 सामन्यांतले 42 गोल त्याची साक्ष देतात. चेल्सीत फ्रँक लॅम्पार्ड पुढे सरकत असे, म्हणून तिथे बालाकने मागे राहून तोल सांभाळला. गोल कमी झाले, पण भूमिका बदलायला त्याने कुरकुर केली नाही. दुसरा प्रश्न : अटीतटीच्या सामन्यांत त्याच्या हातून काय घडले? युक्रेन, अमेरिका, कोरिया, ऑस्ट्रिया, पोर्तुगाल ही नावे पुरेशी बोलकी आहेत. उंटरहाखिंग आणि बायर्नच्या युरोपातल्या रात्री त्याच्या विरुद्ध बाजूला टाका, तरी पारडे त्याच्याकडेच झुकते. तिसरा प्रश्न : भोवतालच्या बळाच्या मानाने तो संघ कुठवर गेला? लेव्हरकुझेनच्या नावावर तोवर एकही बुंडेसलिगा नव्हती आणि ते युरोपच्या अंतिम सामन्यात पोचले. 2002 च्या जर्मन संघाला घरच्या लोकांनीही स्पर्धेआधी मोजले नव्हते, तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला.

या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक उपविजेत्याच्या बाजूने येणार नाहीत. अनेकजण दुसऱ्या स्थानावर आले ते इतरांच्या खांद्यावर बसून. त्यांना या कसोटीचा काहीच आधार मिळत नाही. तसेच चषक उंचावलेल्या काहींची उत्तरे फार लहान निघतील. ही कसोटी चषकापेक्षा कठोर आहे, कारण ती खेळाडूला सहकाऱ्यांच्या यशामागेही लपू देत नाही आणि अपयशामागेही. बालाक तिला उतरतो. त्याच्या कारकिर्दीत खरी उणीव आहे : बायर्नबरोबरचा फिका युरोप, उतरत्या काळातला ताठरपणा, आणि देशासाठी एकही मोठे विजेतेपद नसणे. या उणिवांसह तो 1990 आणि 2014 या दोन विश्वविजयांच्या मधल्या काळातला जर्मनीचा सर्वांत मोठा मैदानी खेळाडू आहे, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या स्थानाला आपण सहसा पहिल्यापासूनच्या अंतराने ओळखतो. पण 2001 च्या त्या नोव्हेंबरात जर्मन फुटबॉल जिथे उभे होते, तिथून योकोहामापर्यंतचे अंतर त्याहून कितीतरी मोठे होते, आणि ते कापताना संघातल्या कुणाहीपेक्षा जास्त भार बालाकने वाहिला. त्याची कारकीर्द सांगताना सुरुवात इथून व्हावी. हरलेले अंतिम सामने त्यानंतर यावेत, वगळले मात्र जाऊ नयेत.